टॉमी गन घ्यायची असेल तर: आधी कागद, मग तेल

ओहायोत राहणाऱ्या एका तरुणाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. त्यांचे पणजोबा पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते आणि इटलीत लढले. घरी त्यांचा एक फोटो आहे, त्यात हातात टॉमी गन आहे. आता ग्रीन कार्ड मिळालं आहे, तर तशी खरी बंदूक कायद्याने विकत घेता येईल का? घेतली तर तिची डागडुजी कशी करायची? तिसरी गोष्ट शेजारच्या आजींची. त्यांच्या तळघरात सासऱ्यांनी पहिल्या महायुद्धातून आणलेली, पाण्याच्या जाड नळकांड्याची मशीनगन निघाली आहे. तिचं काय करायचं?

मी पेनसिल्व्हेनियात टूलमेकर म्हणून आयुष्य काढलं आणि गेली वीसेक वर्षं जुन्या लष्करी बंदुका जपण्याचं काम करतो. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात उशीर चालणार नाही.

आजींना आजच सांगा की त्या वस्तूला कोणीही हात लावू नये. गाडीत घालून कुणाला दाखवायला नेऊ नये आणि फोटो टाकून "किती किंमत येईल" असं विचारू नये. काडतुसांचा पट्टा लावलेला असेल तर आत काडतूस नाही असं गृहीत धरू नये. पुढचं काम कपाटातल्या कागदांचं आहे. अमेरिकेत 1934 सालच्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार प्रत्येक मशीनगनची केंद्राकडे नोंद लागते. 1968 साली सरकारने एकदाच माफीचा महिना दिला होता, 2 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर. घरात पडून असलेली शस्त्रं तेव्हा कुणालाही काही न विचारता नोंदवता येत होती. युद्धावरून परतलेल्या अनेकांनी तेव्हा नोंद करून घेतली. त्या नोंदीचा फॉर्म 4467 नंबरचा. जुनी विमापत्रं, सैन्यातून सुटल्याचे दाखले, बँकेचा लॉकर, कौटुंबिक बायबलची पानं, सगळं बघा. एक पिवळा पडलेला कागद मिळाला तर सगळं चित्र बदलतं. मालकाच्या पश्चात वारसाच्या नावावर ती फॉर्म 5 ने होते आणि त्यावर कर लागत नाही.

कागद मिळालाच नाही तर मृत्युपत्राचा व्यवस्थापक वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एटीएफच्या, म्हणजे शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याच्या कार्यालयाकडे नोंद आहे का ते विचारू शकतो. पण हे विचारणं शस्त्रांच्या कायद्यातल्या वकिलामार्फत करा. नोंद नसेल तर आज ती नव्याने करून घेण्याची कुठलीही वाट नाही, आणि ती वस्तू जवळ ठेवणं हाच दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. नळी वेल्डिंगने बंद केलेली असली तरी फरक पडत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या या बंदुकांमध्ये कायद्याच्या लेखी उजव्या बाजूची पोलादी पट्टी म्हणजेच बंदूक. ती पट्टी शाबूत आहे तोवर मशीनगन शाबूत आहे. नोंद नाहीच असं ठरलं तर वकिलाकरवी ती सरकारच्या हवाली करायची. कधी कधी चांगला वकील स्थानिक पोलीस खात्याच्या नावे फॉर्म 10 ने नोंद करवून ती सरकारी संग्रहालयात पोहोचवतो. असं होऊ शकत असेल तर प्रयत्न जरूर करा. शंभर वर्षं टिकलेली मॅक्सिम किंवा विकर्स, म्हणजे अशी पाण्याने थंड होणारी मशीनगन, कटरखाली गेलेली मला बघवत नाही.

ती साफ करायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका, याला आणखी एक कारण आहे. विकर्सच्या नळकांड्यात पाणी गळू नये म्हणून नळीभोवती जी दोरी गुंडाळत, ती अ‍ॅस्बेस्टॉसची असे. मूळ दोरी अजून आत असेल तर कोरडा ब्रश मारला की तिचे तंतू हवेत उडतात. मी स्वतः अशी दोरी आधी ओली करतो, मास्क लावून काढतो, पिशवीत बंद करतो आणि जागी ग्रॅफाइटची नवी दोरी घालतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. घेता येते, पण तिथवर पोहोचायला काही पायऱ्या आहेत.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून हे बोलणं तरी चाललंय. एच-वन, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत साधी रायफलसुद्धा बाळगता येत नाही. अपवाद थोडे आहेत, शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा. हे आपल्या लोकांनी नीट लक्षात घ्यायला हवं, कारण आपल्या घरांत माणसं येऊन-जाऊन असतात. आई-वडील सहा महिने येऊन राहतात, धाकटा भाऊ शिकायला येतो. बंदुकीच्या तिजोरीचा आकडा त्यांना माहीत असेल तर कायद्याच्या नजरेत ती बंदूक त्यांच्याही ताब्यात आहे असं ठरू शकतं. आकडा फक्त तुमच्याकडे ठेवा, वडिलांनाही सांगू नका. त्यांना वाईट वाटेल, पण हा विश्वासाचा प्रश्न नाही.

राज्याचा कायदा वेगळा. ओहायोत आणि आमच्या पेनसिल्व्हेनियात केंद्राची नोंद असलेली मशीनगन ठेवता येते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय इथे सामान्य संग्राहकाला दार बंद आहे. एडिसनमधले किंवा बे एरियातले वाचक हे वाचत असतील तर त्यांनी संग्रहालयातच समाधान मानावं. आणि नोकरी बदलून उद्या तुम्ही तिकडे जाणार असाल तर आजच विचार करा, बंदूक बरोबर नेता येणार नाही.

टॉमी गन, म्हणजे थॉम्पसन, हलकी, खांद्याला लावून मारायची, पिस्तुलाचं काडतूस खाणारी. तरी चाप एकदा दाबल्यावर एकाहून जास्त गोळ्या सुटत असतील तर कायद्याने ती मशीनगनच. 1934 मध्ये अशा प्रत्येक हस्तांतरावर 200 डॉलर कर बसवला. त्या वेळी बंदुकीची किंमतच साधारण तेवढी होती, म्हणजे सरकारला विक्री रोखायचीच होती. गंमत नव्हे, पण तोच आकडा आजही कायम आहे. सायलेन्सर आणि आखूड रायफलींवरचा कर 2026 पासून शून्य झाला, मशीनगनचा झाला नाही. खरी अडचण 1986 ची. त्या वर्षी 19 मेपासून सामान्य माणसासाठी नवी मशीनगन नोंदवणं बंद झालं. त्याआधी नोंदवलेल्या जेवढ्या होत्या तेवढ्याच आज हातोहात फिरतात, अंदाजे पावणेदोन लाख. त्यात वाढ नाही, घट मात्र दर वर्षी होते. म्हणून दुसऱ्या महायुद्धातली खरी थॉम्पसन वीस-पंचवीस हजार डॉलरच्या खाली क्वचितच मिळते. एवढे पैसे देताना लोक पोलाद बघत बसतात आणि कागद बघायचा राहून जातो.

मी बंदूक उचलायच्या आधी विक्रेत्याच्या मंजूर फॉर्मची प्रत मागतो. मग टॉर्च आणि भिंग घेऊन रिसीव्हरवरचा, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावरचा नंबर एकेक अक्षर वाचतो. युटिकाच्या सॅव्हेज कारखान्यातल्या थॉम्पसनच्या नंबराआधी इंग्रजी एस असतो, ब्रिजपोर्टच्या ऑटो-ऑर्डनन्सच्या बंदुकीवर ए आणि ओ. जुन्या टाइपरायटरवर भरलेल्या फॉर्ममध्ये हे अक्षर हमखास गळतं. कुठे 3 चा 8 होतो, कुठे मॉडेलच चुकीचं लिहिलेलं असतं. चूक सापडली तर विकणाऱ्याने ती आपल्या नावावर असतानाच दुरुस्त करून घ्यायची, तोवर पैसे द्यायचे नाहीत. "नंतर बघू" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघून या.

तुमच्यासारख्याने संग्राहकाचा परवाना काढावा. तीन वर्षांचे 30 डॉलर लागतात. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली शस्त्रं त्यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट आपल्या नावावर घेता येतात. मशीनगनला फॉर्म 4 म्हणजे हस्तांतराचा अर्ज, 200 डॉलर कर, बोटांचे ठसे आणि फोटो तरीही चुकत नाहीत. जुनी झाली म्हणून मशीनगन 1934 च्या कायद्यातून सुटते, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ते साफ चूक आहे. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांकडे जाते. पूर्वी मंजुरीला वर्षभर लागायचं, आता ऑनलाइन अर्जामुळे बरंच लवकर होतं. मंजुरी येईपर्यंत बंदूक विकणाऱ्याकडेच राहते. पुढे परवान्याची मुदत संपू दिलीत आणि बंदूक दुसऱ्या राज्यात न्यायची झाली तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागेल, म्हणून परवाना चालू ठेवा.

आणखी दोन धोक्याच्या जागा आहेत. बाजारात जुन्या मशीनगनचे सुटे भाग मिळतात, त्यांचा रिसीव्हर गॅस कटरने कापलेला असतो. "तुकडे जोडले की झाली तयार" असं कुणी म्हणालं तर त्याच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नका. ती नवी मशीनगन बनवणं ठरतं आणि सुट्या भागांचा जमवलेला संचसुद्धा गुन्हा ठरू शकतो. भाग हवेत तर भरीव, निकामी, दाखवण्यापुरत्या रिसीव्हरवर बसवलेले तयार मिळतात, ते घ्या. दुसरी जागा म्हणजे 1975 नंतर वेस्ट हर्लीत बनलेल्या थॉम्पसन. त्या नोंदणीकृत असतात, थोड्या स्वस्तही असतात, पण इटलीतल्या सैनिकाच्या हातातली बंदूक ती नव्हे. एकावेळी एकच गोळी सुटणारी नवी थॉम्पसनसुद्धा मिळते. रेंजवर नेण्यापुरती हौस असेल तर माझ्या मते तीच घ्यावी आणि उरलेल्या पैशात पणजोबांच्या मार्गाने इटलीचा प्रवास करावा.

तुमच्या पणजोबांच्या पलटणीचं नाव वाचून मला एकच माणूस आठवतो. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, 3/5 मराठा लाईट इन्फन्ट्री, म्हणजे पाचव्या मराठाची तिसरी बटालियन. 10 जुलै 1944, टायबर नदीचं वरचं खोरं. जर्मन मशीनगनने त्यांच्या तुकडीतले सगळे मारले किंवा जखमी केले. हे एकटे धावत गेले, ग्रेनेडने ती मशीनगन बंद पाडली, टॉमी गनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. मग लपलेल्या नेमबाजाने त्यांना गाठलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना वाचवून टॉमी गन घेऊनच मशीनगनची ठाणी थंड केली, ते व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला जिवंत होते.

हे सांगतो कारण दुरुस्तीबद्दलचं माझं सगळं म्हणणं त्या दस्त्यात आहे. थॉम्पसनच्या अक्रोडी दस्त्यावर खोक दिसली की नव्या मालकाचा हात सँडपेपरकडे जातो. थांबा. ती खोक कशाने पडली हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. घासून काढली की ते कधीच कुणाला कळणार नाही.

माझ्याकडे एकदा सॅव्हेजची एम-1928-ए-1 मॉडेलची थॉम्पसन आली होती. दस्ता काळा, चिकट, मालकाला तो "नव्यासारखा" हवा होता. मी म्हटलं, आधी मळ काढू. सौम्य साबणाचं थोडं पाणी, पिळून घेतलेलं फडकं, लगेच कोरडं पुसायचं, लाकूड भिजू द्यायचं नाही. तासाभराने दस्त्याच्या डाव्या अंगाला खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं वर आली आणि त्यांच्याखाली चार उभ्या रेघा. मालक बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले, बाकी काही केलं नाही. जवसाच्या तेलाची चिंधी कधीही चुरगळून डब्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेते. बाहेर दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

धातूकडे वळण्याआधी त्यावरचं मूळ पॉलिश कुठलं ते ओळखा. कोल्टने 1921 च्या सुमारास 15,000 थॉम्पसन बनवल्या, त्या निळसर-काळ्या चकाकत्या. त्यातल्या काहींवर 1921 मधल्या शेवटच्या 1 वर 8 ठोकून 1928 केलेलं दिसतं. भिंगातून पाहिलं तर 8 च्या पोटात जुना 1 अजून उभा असतो. अशा बंदुकीच्या रिसीव्हरवर बफिंगचं चाक लावणं म्हणजे ताम्रपट घासून भांडं करण्यासारखं आहे. माझ्या एका ओळखीच्यांनी तशी बंदूक एका दुकानात "चमकवायला" दिली होती. परत आली तेव्हा कडा गोल झालेल्या, निरीक्षकाची वर्तुळातली अक्षरं गेलेली आणि नंबराचा एक आकडा बोटाला लागेनासा झालेला. पैशाचं नुकसान झालंच, शिवाय नंबर पुसट करणं कायद्याने गंभीर आहे. आणि निळसर-काळा थर पुन्हा चढवायला उकळत्या क्षारांचं ब्लूइंग केलं, तर ते क्षार फटींत शिरून बसतात आणि वर्षभराने तिथूनच गंज बाहेर येतो.

ब्लू केलेल्या भागावर लाल गंज असेल तर माझी पद्धत अशी. भाग खोलून मिनरल स्पिरिटने ग्रीस काढायचं. पातळ तेलात आठवडाभर मुरू द्यायचं. पितळेच्या पट्टीने सुटे पोपडे काढायचे, पोलादाने नाही. मग पुन्हा तेल पूर्ण काढून तो भाग डिस्टिल्ड पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळायचा. नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्लोराइड नवा गंज धरतात. उकळल्यावर लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं, म्हणजे ब्लूइंग ज्याचं असतं त्याच थराचं. वर आलेली मखमलीसारखी काळी पूड तेल काढलेल्या सर्वांत बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने अलगद पुसायची. गरम असतानाच कोरडं करून तेल. हे दोन-तीनदा करावं लागतं. पहिल्यांदा जिथे मी विटकरी डाग समजून आशा सोडली होती, तिथे मूळ निळाई खाली जिवंत निघाली.

युद्धकाळातल्या बऱ्याच थॉम्पसन आज मात्र पार्कराइझ केलेल्या, म्हणजे फॉस्फेटचा थर दिलेल्या दिसतात, खरबरीत करड्या. त्यावर स्टील वूल नको. तेलाचं फडकं आणि वेळ, एवढंच पुरतं.

एम-1928-ए-1 च्या आत दोन गोष्टी बघा. इंग्रजी एच आकाराचा ब्राँझचा तुकडा, आणि ऑइलरला, म्हणजे आतल्या भागांना तेल देणाऱ्या तुकड्याला लावलेले नमद्याचे तुकडे. नमदा वर्षानुवर्षं वाळून दगड झालेला असतो. नवा बसवा, जुना चिठ्ठी लावून पाकिटात ठेवा. बदललेला प्रत्येक भाग मी असाच ठेवतो, तारीख लिहून. पुढच्या मालकाला काय मूळचं आणि काय माझं हे कळलं पाहिजे. आणि गोळी चालवायचा विचार असेल तर आधी या प्रकारच्या बंदुका जाणणाऱ्या परवानाधारक गनस्मिथकडून तपासून घ्या, स्वतःच्या अंदाजावर नको.

युद्धकाळातली जुनी काडतुसं वापरू नका. त्यांच्या प्रायमरमधल्या, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागातल्या पोटॅशियम क्लोरेटचं जळून मीठ होतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि रात्रीत नळी गंजवतं. तेलात मीठ विरघळत नाही, म्हणून नुसतं तेल ओतून लोक फसतात. कुणी आधीच चालवली असेल असा संशय असेल तर गरम पाण्याने नळी धुवा, कोरडी करा, मग तेल. ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात आणि कोरडी तिजोरी बास.

ती बंदूक कधीतरी गावी नेऊन पणजोबांच्या फोटोशेजारी ठेवू, असं मनात असेल तर ते होणार नाही. 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टनुसार मशीनगन भारतात प्रतिबंधित शस्त्र आहे. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती कुणालाच बाळगता येत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं आहे. तिथे जुनी लष्करी यंत्रं जवळून पाहायची तर अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठा. बेळगावला मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या केंद्रातही पलटणीचा इतिहास जपलेला आहे.

खरेदीआधी एक काम करा. घरी सांगून तो फोटो फ्रेममधून काढून 600 किंवा 1200 डीपीआयला स्कॅन करून मागवा, मोबाइलने काढलेला फोटो चालणार नाही. बोल्ट ओढायचा दांडा रिसीव्हरच्या वर आहे की उजव्या बाजूला, ते बघा. वर असेल तर 1928 च्या घराण्यातली, बाजूला असेल तर साधी केलेली एम-1 किंवा एम-1-ए-1. नळीवर गोल चकत्यांसारख्या कडा आहेत का, टोकाला खाचांचा तुकडा आहे का, तेही पाहा. आणि खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची मागची कडी दस्त्याच्या वरच्या कडेला दिसली तर ती ब्रिटिशांनी आपल्या सैन्यासाठी बदललेली आहे. तशी बंदूक अमेरिकेत नोंदणीसह कमी मिळते, शोधायला दोन-तीन वर्षं लागतील. फोटोत काय दिसलं ते कळवा, म्हणजे कोणत्या नंबरांच्या बंदुका शोधायच्या ते सांगतो.